बुंबायची नात

मिरज
११ जानेवारी २००४

चि. शेखर,

आशीर्वाद. तो द्यावाच लागतो, मी आई आहे.

तुझे पत्र आणि त्यातला फोटो पोचला. ऑगस्टमध्ये लग्न केलेस आणि आईला आता कळवतोस. मधले पाच महिने तू मला गणपतीला मोदक कसे फसले, थंडी किती पडली, कारखान्याचा वास स्वयंपाकघरात कसा येतो, हे सगळे लिहीत होतास. त्यात ही एक ओळ मावली नाही.

फोटो बघून शैलाने विचारले, "ही कोण गं? दादाकडे कामाला आहे का?" मी हो म्हणाले. तुझ्या सख्ख्या बहिणीशी मी खोटे बोलले, कारण खरे बोलायला जीभ वळली नाही. चपटे नाक, बारीक डोळे, आणि रंग म्हणावा तर आपल्याहून काळा. जर्मनीत राहून गोरी तरी आणायचीस. लोक दोन दिवस बोलतात आणि गप्प बसतात. ही धड तिकडची नाही, धड इकडची नाही.

सदतीस वर्षे मी मुलींना मराठी आणि भूगोल शिकवला. फिलिपाइन्स म्हणजे नकाशातले ते ठिपके. त्या ठिपक्यांतून मला सून येईल असे कधी मनात आले नाही.

तिचे लोक कोण, खातात काय, देव कुठला मानतात, हे सविस्तर लिही. फोन करू नकोस. मला फोनवर ऐकू येत नाही, आणि आले तरी तू काय बोललास त्याचा कागद माझ्याजवळ राहत नाही. तिला घेऊन इकडे येण्याचा विचार तर मुळीच करू नकोस.

आई

---

लुडविग्सहाफेन
८ फेब्रुवारी २००४

ती. आई,

तुझ्या पत्राने दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझा राग मला मान्य आहे.

तिचं नाव मारिसेल. गेल्या वर्षी सायकलवरून पडून माझा घोटा मोडला, ते तुला लिहिलं होतं. त्या हॉस्पिटलमध्ये ती नर्स आहे. एकोणीस वर्षांची असताना मावशीबरोबर इथे आली, आता बारा वर्षं झाली. स्वभावाने गरीब आहे. पाच वाजता ड्यूटीला निघते आणि तरी माझा डबा भरून ठेवते.

तिचे लोक विचारलेस. ऐकून तुला बरं वाटेल. तिच्या आईचे वडील हिंदुस्थानी होते! तिकडे आपल्या लोकांना 'बुंबाय' म्हणतात, म्हणजे बॉम्बेचे. चांगलं व्यापारी घराणं, कापडाचा धंदा, घरात पूजाअर्चा, शाकाहार. म्हणजे पाव हिस्सा ती आपलीच आहे.

आणखी एक गोष्ट, फक्त तुझ्यासाठी. शैलालाही सांगू नकोस. आमच्या खात्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. माझा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की सामान बांधायचं. मारिसेलकडे जर्मन पासपोर्ट आहे. तिच्याशी लग्न झाल्यावर तीन वर्षांनी आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं जे ऑफिस आहे ते, कायमचा परवाना देतं. ऑगस्ट २००६ मध्ये तीन वर्षं होतील. पुढचं पुढे. मी तुझाच मुलगा आहे हे विसरू नकोस.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, माझ्या पद्धतीने. तू आशीर्वाद दिलास एवढंच सांगितलं. त्यांच्याकडे मोठ्या माणसांचा हात आपल्या कपाळाला लावतात. हात इथे नव्हता, म्हणून तिने तुझा कागदच कपाळाला लावला.

तुझा,
शेखर

---

मिरज
२ एप्रिल २००४

चि. शेखर,

त्या आजोबांचे आडनाव तू लिहिले नाहीस, तेव्हाच मी समजले. शैलाच्या यजमानांच्या ओळखीत मोहनराव म्हणून जहाजावरचे एक गृहस्थ आहेत. त्यांना विचारले. तिकडे पंजाबी असो, सिंधी असो, कुणीही असो, सगळेच बुंबाय. पाठीवर पोते टाकून दारोदार ब्लँकेटे विकणारे. तू त्याचे घराणे केलेस.

पाव हिस्सा आपली म्हणे. दुधात पाव हिस्सा पाणी घातले तर निदान त्याला दूध म्हणता येते. उरलेले तीन हिस्से कशाचे, ते तुला तरी सांगता येईल का?

दुसरे जे लिहिलेस ते वाचले, आणि तो कागद जपून ठेवला आहे. तीन वर्षे म्हणजे काही फार नाहीत. धर्मशाळेत राहतात तसा राहा. मात्र मूल होऊ देऊ नकोस. धर्मशाळा सोडताना मुलाला गाठोड्यात बांधता येत नाही.

आई

---

लुडविग्सहाफेन
२८ नोव्हेंबर २००४

ती. आई,

बुधवारी, चोवीस तारखेला, मला मुलगी झाली.

सगळं एवढ्या महिन्यांत तुला कळवायला हवं होतं. दर वेळी पत्र लिहायला बसलो आणि हवामान लिहून उठलो. तू रागावशील याची भीती होती. मी नको म्हणालो होतो, पण मारिसेल बत्तीस वर्षांची आहे, तिला थांबायचं नव्हतं. माझं काही चाललं नाही.

बाळंतपण अवघड गेलं. रक्त फार गेलं, दोन दिवस तिला आयसीयूत ठेवलं होतं. आता बरी आहे.

मुलगी तीन किलोची आहे. रंग माझा, केस भरपूर. डोळे तिचे. पण कान बाबांचे आहेत, आई, वरून किंचित टोकदार. नाव निधी ठेवायचं म्हणतोय. इथल्या लोकांनाही उच्चारता येतं. मारिसेलच्या आईने तिकडून फोनवर पहिला प्रश्न विचारला, रंग कसा आहे? मारिसेलने फोन माझ्या हातात दिला.

फोटो पाठवतो. तुला बघावासा वाटला नाही तर शैलाला दे.

शेखर

---

मिरज
१९ मार्च २००५

चि. शेखर,

उत्तराला चार महिने लागले. जानेवारीत न्हाणीघरात पडले, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. आता काठी घेऊन चालते. तुला कळवू नको असे शैलाला मीच सांगितले.

मुलीचा फोटो उशाशी आहे. कान खरोखरच त्यांचे आहेत.

आता नीट वाच. मी अंथरुणावर असताना शैलाच्या तोंडून निसटले की दादाला मुलगी झाली. शेजारच्या मालिनीबाई जवळच बसल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "अगंबाई, शेखरचं लग्न कधी झालं? सूनबाई कुठल्या? बाळंतीण कशी आहे?" तिन्ही प्रश्न एका दमात. मी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले, "बाळंतपणात गेली." तुझ्याच पत्रातले रक्त मला आठवले, तेच मी सांगितले. फक्त शेवट निराळा केला.

मालिनीबाई रडल्या. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली भेटून गेली. तू लग्न न सांगता केलेस हे कुणी काढले नाही. कुठली, कुणाची, हेही कुणी विचारले नाही. मेलेल्या बाईबद्दल कुणी विचारत नाही. गेले वर्षभर जे ओझे मी वागवत होते ते एका वाक्यात उतरले.

नातीला घेऊन ये. बाई नको. नोव्हेंबरात ये, म्हणजे वर्षाचे कार्य उरकून घेता येईल. लोक विचारू लागले आहेत की वर्षश्राद्ध कुठे करणार.

आई

---

लुडविग्सहाफेन
४ डिसेंबर २००५

ती. आई,

आम्ही सुखरूप पोचलो. निधीने फ्रांकफुर्टपर्यंत त्रास दिला नाही. विमानतळावर मारिसेल दिसली तेव्हा मात्र तिने एवढा हंबरडा फोडला की लोक वळून बघायला लागले. तीन आठवडे सारखी ती कुणाला तरी शोधत होती, हे तू पाहिलंसच. तू म्हणालीस सवय होईल.

श्राद्धाच्या पाटावर बसलो. भटजींनी नाव विचारलं आणि मी खरं नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून तू 'मीरा' म्हणालीस. बरं झालं. मीरा म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. कुणी तरी दुसरीच बाई आहे, असं धरून मी सगळं केलं. निधी तुझ्या मांडीवर होती. तिच्या वाढदिवसाची तिथी, आणि ती पिंडाच्या भाताकडे हात करत होती.

मारिसेलला मी सांगितलं आहे की तुझं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी नवीन माणसं भेटू देऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणून या खेपेला फक्त नात. तिने मान्य केलं. नर्स आहे, अशा गोष्टींवर तिचा लगेच विश्वास बसतो. मिरजेत मी तिच्यासाठी एक इरकल साडी घेतली आणि तू दिलीस म्हणून सांगितलं. ती नेसून ड्यूटीवरच्या सगळ्या बायकांना दाखवून आली. चुकून बोलता बोलता मी जेवणाचंही थोडं सांगून बसलो, पण तिला त्यातलं काही कळलं नाही.

आता फक्त आठ महिने.

शेखर

---

लुडविग्सहाफेन
२० मे २००६

आई,

हा पत्र मी स्वतः लिहिते आहे. मी मारिसेल. तुम्हाला आश्चर्य वाटेल!

इथे ऊर्मिलाताई राहतात. त्यांचे मिस्टर शेखर यांच्याच कारखान्यात केमिस्ट आहेत. त्यांच्याकडे मी दर शनिवारी दीड वर्ष मराठी शिकले. शेखर यांना माहीत नाही. त्यांना वाटतं मी चर्चच्या कॉयरला जाते. तुमचा पत्ता मी पाकिटाच्या मागून घेतला. ऊर्मिलाताईंनी फक्त शब्द सांगितले, चुका माझ्या आहेत.

तुमची पत्रं शेखर मला जर्मनमध्ये वाचून दाखवतात, मग ऑफिसला घेऊन जातात. तुम्ही किती प्रेमाने लिहिता. माझी आई असं लिहीत नाही. म्हणून मला तुम्हाला माझं सांगायचं आहे.

मी इलोइलोची. माझे आजोबा, आम्ही लोलो म्हणतो, ते पंजाबमधून आले होते. ते व्यापारी नव्हते. पोतं घेऊन फिरायचे, ब्लँकेट, मच्छरदाणी विकायचे. आमच्या गावात मूल झोपलं नाही तर त्याची आई म्हणते, बुंबाय येईल आणि तुला पोत्यात घालून नेईल. सगळी मुलं त्या बुंबायला घाबरायची. तो माझे लोलो होते. संध्याकाळी ते घरी यायचे आणि त्या पोत्यातून माझ्यासाठी पेरू काढायचे.

माझी बहीण वडिलांसारखी गोरी आहे. लोक तिला मेस्तिसा, म्हणजे गोऱ्या रक्ताची, म्हणायचे, शाळेच्या मिरवणुकीत ती राणी व्हायची. मी लोलोंसारखी. मला सगळे 'बुंबाय' अशी हाक मारायचे, नाव कुणी घ्यायचं नाही. आई मला छत्रीशिवाय बाहेर सोडायची नाही. लोलो वारले तेव्हा त्यांचे विधी कुणालाच माहीत नव्हते. त्यांची भाषा कुणी शिकलंच नव्हतं. पाद्री आला आणि पुरलं.

मी शेखर यांच्याशी लग्न करते म्हटलं तेव्हा आई फोनवर म्हणाली, "दोन पिढ्या लागल्या बुंबाय पुसून टाकायला, आणि तू तो परत घरात आणतेस." पण मला आनंद होता. इथे जर्मन लोक मला थायलंडची समजतात. चर्चमधल्या फिलिपिनो बायका मागे बुंबाय म्हणतात. शेखर म्हणाले, "आमच्याकडे तू आमची आहेस." हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं.

निधीचा पहिला वाढदिवस तुमच्याकडे झाला. मी इथे केक केला आणि खालच्या मजल्यावर दिला. शेखर म्हणाले की तुम्ही त्या वेळी सगळ्यांना जेवण दिलं, आणि मी तिथे नव्हते म्हणून माझ्या नावाने एका बाईंना जेवायला घातलं, त्यांची ओटी भरली. मला हे ऐकून रडू आलं. ऊर्मिलाताईंना सांगितलं तर त्या दिवशी त्या लवकर घरी जा म्हणाल्या. का ते मला कळलं नाही. ही काय पद्धत आहे, मला सांगाल का?

तुमच्या हृदयाला जपा. बरं वाटलं की मला बोलवा. तुमचा हात मी कपाळाला लावते.

मारिसेल

---

मिरज
१२ जून २००६

मारिसेल,

तुझे पत्र मिळाले. 'पत्र' नपुंसकलिंगी आहे. तू 'हा पत्र' लिहिलेस. बाकी अक्षर चांगले आहे, शेखरपेक्षा चांगले.

मी मुलींना नेहमी सांगत असे, कळले नाही तर विचारा. तू विचारलेस, म्हणून सांगते.

सवाष्ण बाई नवऱ्याआधी मेली की तिच्या श्राद्धाला दुसऱ्या सवाष्णीला जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. मालिनीबाई जेवल्या ते तुझ्या श्राद्धाला. निधीच्या बाळंतपणात तू मेलीस, असे मी इथे सांगितले आहे. शेखरला ते पत्राने कळवले, त्याला पसंत पडले, आणि तो येऊन पाटावर बसला. तुझे नाव भटजींना उच्चारता आले नसते, म्हणून मीरा सांगितले.

माझे हृदय उत्तम आहे. मी तुला साडी पाठवलेली नाही. आशीर्वादही पाठवलेले नाहीत. त्याने तुला वाचून दाखवले ते मी लिहिले नव्हते. मी काय लिहिले ते त्याच्याकडे असेल. त्याने मला काय लिहिले ते सोबत पाठवते आहे, सगळे. ८ फेब्रुवारी २००४ चे पत्र नीट वाच. परवान्याचे त्यात आहे.

हे मी दयेने करते असे समजू नकोस. शेखरला वाटते तो तिकडेही राहील आणि इकडेही राहील. मला तो पुरता हवा आहे. तू मला कधीच नको होतीस. तुझ्या आजोबांची हकीकत वाचली. त्यांच्यासाठी वाईट वाटले. पण म्हणून तू आमची होत नाहीस.

ऑगस्टपर्यंत थांबायचे की नाही, ते तू ठरव.

मनोरमा

---

लुडविग्सहाफेन
१७ सप्टेंबर २००६

आई,

हे पत्र नपुंसकलिंगी लिहिलं आहे.

तुम्ही पाठवलेले कागद वाचायला मला चार दिवस लागले. शेखरचं अक्षर वाईट आहे, तुम्ही खरं सांगितलं. ऊर्मिलाताईंना दाखवले नाहीत. लाज वाटली. लाज मला का वाटली ते कळत नाही.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे कागद ठेवले, तारखेप्रमाणे. शेखर ऑफिसमधून आला. मी मराठीत म्हणाले, "बस. वाच. मी ऐकते." माझं मराठी ऐकून तो आधी हसला. मग कागद दिसले.

मी विचारलं, "माझं श्राद्ध केलंस?"

तो म्हणाला, "आईच्या समाधानासाठी. आल्झो, म्हणजे तुझं काय गेलं त्यात? तू तर इथे आहेस."

मी म्हणाले, "आणि तीन वर्षं?"

तो म्हणाला, "ते आईला पटावं म्हणून लिहिलं होतं. मनापासून नाही." मग तो रडला. माझे पाय धरले. म्हणाला, निधीचा बाप आहे मी, फक्त आउसलेंडरबेहोर्डेचं काम होईपर्यंत कुणाला काही बोलू नकोस, मग आपण तिघं नव्याने सुरुवात करू. मी नर्स आहे. माणूस खरा रडतो आणि खोटा रडतो, मला कळायला हवं होतं.

एकोणतीस ऑगस्टला त्याच्याबरोबर त्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईने विचारलं, "तुम्ही एकत्र राहता?" मी "जा" म्हणाले, जर्मनमध्ये म्हणजे हो. पासपोर्टात कायमच्या परवान्याचा कागद चिकटला. सहा सप्टेंबरला मी ड्यूटीवरून आले तेव्हा त्याचं कपाट रिकामं होतं. एर्लांगेनला नवीन नोकरी त्याने जूनमध्येच बघून ठेवली होती. निधी किटामध्ये होती, पाळणाघरात. तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. किटाच्या बाई तिला घेऊन फाटकात उभ्या होत्या.

लोलोंना मेल्यावर जे मिळालं नाही, ते तुम्ही मला जिवंतपणी दिलं. मी खूप विचार केला. निधी मोठी झाली की एक दिवस मिरजेला जाईल. माणूस जातोच, मला माहीत आहे, मीही अशीच तुमच्याकडे निघाले होते. तिथे तिला कुणी तरी सांगेल, तुझी आई तुला जन्म देताना मेली. म्हणून मी एकदा तिथे येणार आहे. राहायला नाही. दिसायला.

मारिसेल

---

मिरज
९ जानेवारी २००७

शेखर,

परवा ती आली होती.

दुपारी चारची वेळ. मालिनीबाई आणि त्यांची सून नंदिनी हलव्याचे दागिने करायला आमच्याकडे बसल्या होत्या. इस्लामपूरच्या मंडळींचे पत्र आले होते, मुलगी दाखवायला तयार आहेत, पहिली बायको गेल्याचे त्यांना ठाऊक आहे, मूल सांभाळायची तयारी आहे. ते मी दोघींना वाचून दाखवत होते. दारात रिक्षा थांबली. सलवार-कमीज घातलेली एक बाई उतरली, कडेवर निधी.

निधीला मालिनीबाईंनी लगेच ओळखले. "अगंबाई, शेखरची लेक!" म्हणत उठल्या. मग त्या बाईकडे बघून मला म्हणाल्या, "आणि ह्या?"

मी म्हणाले, "मुलीची आया. जर्मनीहून आली आहे."

ती उंबऱ्याबाहेर चपला काढत होती. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी मारिसेल. शेखरची बायको. तुम्ही मालिनीबाई ना? माझ्या श्राद्धाला तुम्ही जेवलात."

इतके स्वच्छ मराठी. एकही चूक नाही.

मालिनीबाईंच्या मांडीवरची परात कलंडली. हलवा सगळ्या घरभर झाला. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मनोरमाबाई, मी कुणाच्या नावाचं जेवले?"

तेव्हा मी जे बोलले ते तुला कळवणे भाग आहे, कारण उद्या तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळेल. मी म्हणाले, "मला शेखरने तसंच कळवलं होतं. मी म्हातारी बाई, मुलाच्या पत्रावर विश्वास ठेवला." नंदिनीने कानांवर हात ठेवले. तुला नावे ठेवू लागली. मी तिला थांबवले नाही.

माझे जूनचे पत्र मारिसेलच्या पर्समध्ये असणार, हे मला ठाऊक होते. ती माझ्याकडे बघत राहिली. पर्सला तिने हात लावला नाही. मग मुलीला खाली उभी केली आणि मला म्हणाली, "तुम्ही शिक्षिका होतात. हिला सांगा, मी कोण ते. यांच्यासमोर. मग मी जाते."

दोघी बघत होत्या. मी निधीला म्हणाले, "ही तुझी आई."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. वेड्या माणसाला हसतात तशी. "वाइस इश दोख," म्हणाली. मारिसेल म्हणाली, "ती म्हणते, मला माहीतच आहे." मी मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती आईच्या पायांमागे गेली. चहा घ्या असेही मी म्हटले नाही, आणि ती थांबलीही नसती. त्याच रिक्षाने दोघी स्टेशनवर गेल्या.

काल सकाळी मालिनीबाई श्राद्धाला दिलेला ओटीचा खण, आणि त्या वेळच्या नारळाच्या बदल्यात नवा नारळ, उंबऱ्यावर ठेवून गेल्या. हाक मारली नाही. तेहतीस वर्षांचा शेजार. माझे त्यांनी खरे मानले की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

मला तू पुरता हवा होतास म्हणून मी ती पत्रे पाठवली. आता तू मला नको आहेस. लोकांसमोर मी तुला खोटा ठरवला आहे. तू दारात आलास तर मला तुझ्याबरोबर उभे राहावे लागेल, आणि मग मीही खोटी ठरेन. येऊ नकोस. माझे काही झाले तरी येऊ नकोस. अग्नी शैलाच्या मुलाने द्यावा, असे लिहून ठेवले आहे. इस्लामपूरला मी अजून उत्तर दिलेले नाही. हिंमत होत नाही.

तुझ्या मुलीचे कान झाकले जातील एवढे केस वाढले आहेत.

मनोरमा

---

एर्लांगेन
३ फेब्रुवारी २००७

ती. आई,

तुझं पत्र मिळालं. तू रागात लिहिलं आहेस, मी मनावर घेत नाही. लोकांसमोर तू जे बोललीस ते अगदी बरोबर केलंस. तुझं वय झालं आहे, तुला तिथे राहायचं आहे. माझ्यावर ढकललंस तर माझं इथे काही बिघडत नाही.

इथे माझं बरं चाललं आहे. दीड खोलीची वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, मिळाली आहे, ऑफिसला सायकलने जातो. वेद म्हणून पुण्याचा एक मुलगा शेजारी आहे, शनिवारी आम्ही दोघं पोहे करतो. मारिसेलच्या वकिलाचं पत्र आलं. मुलीचा ताबा तिलाच हवा आहे. मी सही करून पाठवली. भांडून काय मिळणार? इथे एक वर्ष वेगळं राहिल्यावर शायडुंग, घटस्फोट, मिळतं, म्हणजे सप्टेंबरनंतर अर्ज करता येईल. पण आपल्याकडच्या लोकांना तो कागद दाखवायची गरजच नाही. तिकडे मी विधुरच आहे.

एक विचारायचं होतं. इस्लामपूर मिरजेपासून तसं लांब आहे. मालिनीबाईंची त्यांच्याशी ओळख नाही ना? परवाचा प्रकार त्यांच्या कानावर गेला नसेल, तर तू त्यांना हो कळवून टाक. मुलगी सांभाळावी लागणार नाही, हेही लिही. त्यांना बरंच वाटेल. मला एप्रिलमध्ये दोन आठवडे सुट्टी आहे. मिरजेला नको म्हणतेस तर नको. मी पुण्याला उतरेन, तिथूनच परस्पर मुलगी बघून येईन.

पत्रिका लागेल, ती तुझ्याकडेच आहे. तेवढी रजिस्टर पोस्टाने पाठव.

शेखर